गाव म्हटलं की सगळं आलं

थावरू,

तुझा ‘ण’ पक्का करायला मला एक सबंध उन्हाळा लागला होता. तू जाऊन अजून महिना झालेला नाही, आणि तुझी आठवण काढायला बसलं की सगळ्यात आधी तेच समोर येतं. रेडिओ केंद्राच्या मागच्या लिंबाखाली आपण दोघं बसलेलो. तू ‘पानी’ म्हणतोस, मी ‘पाणी’ म्हणतो. तू ‘लोनी’, मी ‘लोणी’. शेवटी वैतागून तू म्हणाला होतास, “दिगांबर, तुझ्या पाण्यानं तहान जास्त भागते का रं?” मी हसलो नव्हतो. तेव्हा मी फार गंभीर माणूस होतो. रेडिओवर बोलणं म्हणजे देवळात बोलणं असं मला वाटायचं. देवळात कुणी चप्पल घालून जात नाही, तशी मायक्रोफोनपुढं घरची बोली न्यायची नाही, असं मी तुला शिकवलं. तू शिकलास. तू फार लवकर शिकलास, हेच आता मला सलतं.

आपण दोघं एकाच नदीचे. अलीकडच्या चढावर आमचं गाव, पलीकडच्या उतारावर तुमचा तांडा. शाळा एक, ग्रामपंचायत एक, आखाडा बाळापूरच्या बाजाराला जायची वाट एक. तरी तांड्यातलं कुणी नदी ओलांडून इकडं निघालं की ते ‘गावात’ निघायचं, आणि आमच्यातलं कुणी तिकडं निघालं की ‘तांड्यावर’. तुला लहानाचा मोठा केलेली झमकूकाकी तू पिशवी घेऊन निघालास की विचारायची, गावात चालला का शाळेत? कारण गावात जायचं म्हणजे दळण, मीठ-मिरची, रॉकेल. शाळा वेगळी. हे शब्द आपण दोघांनी इतके वापरले की त्यांना काही अर्थ आहे हेच विसरून गेलो. मी तर नक्कीच विसरलो. ज्याचं गाव असतं त्याला ‘गाव’ हा शब्द ऐकूच येत नाही.

नव्वदच्या दशकात मी केंद्रावर आधी लागलो, मग तुला ओढलं. महिन्यातून काही दिवस बोलावणं यायचं, तेवढंच आपलं निवेदकपण. तू पहिल्यांदा बोललास तेव्हा तांड्यानं रेडिओचे सेल दिवसभर उन्हात तापवून ठेवले होते, ऐन वेळी दगा देऊ नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी आपण पोचलो तर काकी तुझ्यावर रुसलेली. एवढा वेळ बोलला, आन् काकीला रामराम बी न्हाई केला, म्हणाली. तिचे मालक हेमलाकाका बिडी विझवत म्हणाले की तो सरकारच्या घरात बसून बोलतो, तिथं काकी नसते. तू मला कोपरानं ढोसलंस. हसत होतास, पण येताना एसटीत विचारलंस, रामराम केला असता तर काय बिघडलं असतं?

मी तुला नियम सांगितला. लिहिलंय तेवढंच वाचायचं. आपल्या मनाचा एक शब्दही घालायचा नाही. एकदा बाजारभाव वाचून झाल्यावर तू जोडून दिलंस की बाळापूरच्या आवारात चिखल झालाय, गाडीबैल आत नेऊ नका. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात बाजारात मलाच दोघांनी विचारलं, चिखलाची बातमी देणारा कोण? वरच्या साहेबांच्या तर ते कानावरही नव्हतं. रागावलो मी. रेडिओ म्हणजे चावडी नाही, असं तुला सुनावलं. तू म्हणालास की चिखल तर खरा होता. मी म्हणालो, खरं असून चालत नाही, लिहिलेलं असावं लागतं. हे वाक्य मी तेव्हा अभिमानानं बोललो होतो.

मग ती संध्याकाळ. आपला जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता. पाऊस दोन दिवस धरून होता. फोन मीच घेतला. पलीकडच्या माणसानं मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला: वरच्या धरणातून पाण्याचा विसर्ग वाढवला जात असून नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. तू कागद वाचलास, परत वाचलास आणि मान वर केलीस.

“यात तांडा बी टाकू का?”

“गाव म्हटलं की सगळं आलं. लिहिलंय तेवढंच वाच.”

एवढंच आपलं बोलणं. वाद नाही, भांडण नाही. तू मान हलवलीस आणि आत गेलास. मी काचेच्या पलीकडं बसून ऐकत होतो. काय ऐकत होतो ते तुला कधी सांगितलं नाही, थावरू. मी तुझा ‘ण’ ऐकत होतो. धरणातून. पाण्याचा. दोन्ही ‘ण’ असे स्वच्छ लागले की मी काचेमागून मान डोलावली. इशारा कुणाला पोचतोय हे माझ्या मनातही नव्हतं. माझा विद्यार्थी शुद्ध बोलत होता, आणि मी खुशीत होतो.

पहाटे पाणी आलं.

आमच्या गावानं तुझा आवाज ऐकला होता. माझ्या बापानं दिवस मावळताच जनावरं सोडून मारुतीच्या उंचवट्यावर नेली. कोतवालानं दवंडी दिली, खालच्या आळीतल्या बायका-पोरांना शाळेत आणलं. आणि पाणी शेवटच्या घराच्या पायरीला लागून परत फिरलं. आमच्याकडं एक शेळीही गेली नाही. पलीकडं तुमच्या खालच्या ओळीतल्या घरांत पाणी शिरलं तेव्हा माणसं अंथरुणात होती. दवंडी नदी ओलांडत नाही. ती कधीच ओलांडत नव्हती. तांड्याला निरोप द्यायचा तर नायकाला बोलावून सांगायची रीत, आणि त्या दिवशी कुणाला वाटलं, रेडिओवर आलंय, त्यांचाच पोरगा बोलला, त्यांना कळलंच असेल. बाकीचे सगळे वर पळाले. हेमलाकाका बैलांची दावी कापायला गोठ्यात शिरले. बैल पोहून निघाले. काका निघाले नाहीत.

आपण दोघं दुपारनंतर पोचलो, ट्रकच्या टपावर बसून, मग चिखलातून चालत. काकी वरच्या ओळीत कुणाच्या तरी ओट्यावर बसली होती. तिनं तुला जवळ ओढलं. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं ती विचारेल की तुला माहीत होतं तर सांगितलं काहून न्हाई. तिनं तसं काही विचारलं नाही. ती तुझीच समजूत घालत होती.

“तुझी चूक न्हाई लेकरा. तू तर गावाला सांगून राहिला होतास. आमाला असतं तर तू तांडा म्हणला असतास.”

मग तिनं सगळं सांगितलं. खालच्या ओळीतल्या लोकांनी रेडिओभोवती बसून ऐकलं होतं. कुणीतरी म्हणालं, वर सरकावं का. तेव्हा काकीच म्हणाली होती की दुसरा कुणी बोलला असता तर शंका घ्यावी, हा आपला थावरू आहे, आपल्याकडं पाणी येणार असतं तर हा आपलं नाव घेतल्याशिवाय राहिला असता का? शिवाय तू बोलतही होतास गावच्यासारखं, अगदी स्वच्छ. गावच्यांशी गावच्यासारखं बोलतोय, असं तिला वाटलं. परका आवाज असता तर तांडा कदाचित उठला असता. तुझा होता म्हणून बसून राहिला.

ते ऐकताना तुझा चेहरा मी पाहिला नाही. माझी हिंमत झाली नाही.

अंधार पडायच्या आत आपण नदीच्या काठाकाठानं रस्त्याकडं निघालो. मग चालता चालता, माझ्याकडं न बघता, विचारलंस, “ण बराबर आला होता का?”

मी हो म्हणालो.

आजपर्यंत मला कळलेलं नाही, तू विचारलंस की मारलंस. तुझ्या आवाजात राग नव्हता. ज्या आवाजात तू रोज काम झाल्यावर विचारायचास त्याच आवाजात विचारलंस. मी त्या ‘हो’नंतर आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. चूक माझी, थावरू. एवढंच. पण मी म्हणालो की एसटी मिळेल ना रे आता.

वरून चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं की इशारा वेळेवर आणि मिळालेल्या मजकुराप्रमाणे प्रसारित झाला. अक्षर न् अक्षर खरं होतं. तू शेजारी बसला होतास, म्हणालास, बराबर हाय. साहेबांनी दोघांनाही चहा पाजला. त्या चहाची चव मला अजून आठवते, आणि तुला काय आठवत होतं ते मी कधीच विचारलं नाही.

त्यानंतर तू नियम मोडायला लागलास. पावसाचा कसलाही मजकूर आला की तुझी यादी सुरू व्हायची. नदीकाठची गावं, तांडे, वाड्या, वस्त्या, शेतातल्या आखाड्यांवर झोपणारे, वीटभट्टीवर राहणारे, मेंढ्या घेऊन उतरलेले. वेळ पुरायचा नाही, पुढचं गाणं कापावं लागायचं, वरून विचारणा व्हायची. आपलं खरं भांडण तेव्हा झालं. भांडण कसलं, दोन वर्षं चाललेला वाद. चहाच्या टपरीवर, एसटीत, एकदा तर माझ्या पोरीच्या साखरपुड्यात पंगतीत बसून. मी म्हणायचो, यादी केलीस की यादीत जो नाही तो निर्धास्त होणार. तू वीटभट्टी म्हणालास, खडी फोडणारे म्हणाला नाहीस, ते झोपून राहिले तर कुणाच्या नावावर? तू म्हणायचास, सगळ्यांना मिळून हाक मारली की जो तो शेजाऱ्याकडं बघतो. मी म्हणायचो, मग काय एकेका घराचं नाव घेणार का? तू म्हणायचास, घेऊ की, तुझ्या बापाचं काय जातं. पंगतीतली माणसं हसायची. त्यांना वाटायचं दोघा रेडिओवाल्यांची गंमत चाललीय.

आपल्या दोघांपैकी कोण बरोबर होतं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पण ठरवायच्या जागेवर मी होतो. मी कायम झालो होतो, कुणी कधी काय वाचायचं हे माझ्या हातात आलं होतं, आणि तू बोलावलं तर येणारा. मी तुला हवामान आणि सूचना यांतून काढलं आणि गाण्यांच्या फर्माईशी दिल्या. तुझ्या भल्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. तुझं बोलावणं बंद होऊ नये म्हणून. ते खोटंही नव्हतं. तू आदल्या दिवसाचे कागद माझ्यापुढं ठेवलेस आणि म्हणालास, बरं झालं, गाणी तर गाणी.

फर्माईशी तू झकास वाचायचास. लोकांची नावं तुझ्या तोंडात अशी यायची जशी ओळखीची माणसं दारातून आत यावीत. मी त्यालाही नावं ठेवायची जागा शोधली. पावसाळ्यात तुझ्याकडं तांड्यांच्या फर्माईशी फार यायच्या. उन्हाळ्यात एखादी, आणि आभाळ भरून आलं की ओळीनं चार-पाच तांडे. मी एकदा टोमणा मारला होता, तुझ्या लोकांना पाऊस पडला की गाणी सुचतात काय? तू म्हणालास, “पावसात दुसरं काम काय असतं, साहेब?” साहेब तू मला चिडवायलाच म्हणायचास. मी विसरून गेलो.

नांदेडच्या दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हा बसमध्ये मी ते राहिलेलं वाक्य पाठ करत होतो. मायक्रोफोनपुढं इतकी वर्षं काढलेला माणूस, चार शब्द पाठ करत होतो. तुझे डोळे पिवळे झाले होते. तू मलाच विचारलंस की फर्माईशी आता कोण वाचून राहिलं. मी म्हणालो, नवीन मुलगी आहे, छान वाचते. तू विचारलंस, “तांड्याच्या बी वाचते का?” मला वाटलं ताप डोक्यात गेलाय. मी हो म्हणालो. मग तुझा मुलगा औषधं घेऊन आला, आणि माझे चार शब्द तसेच घेऊन मी उतरून खाली आलो.

तुझ्या दिवसाला तांड्यावर आलो होतो. काकी आता कमरेत वाकलीय, पण कान चांगले आहेत. तिच्यापाशी बसलो आणि जे तुला सांगायचं राहिलं ते तिला सांगितलं. तू तांडा म्हणू का विचारलं होतंस, मी नको म्हणालो होतो, हे सगळं. तिनं ऐकून घेतलं. मला ठाऊक आहे, म्हणाली. पोरानं त्याच महिन्यात सांगितलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत ते? ती म्हणाली, त्यानं सांगून ठेवलं होतं. दिगांबरला बोलू नका, तो आधीच लई वाचतो मनात.

मग म्हणाली, आता आमाला गाणं कोण लावणार?

मला कळलं नाही. तेव्हा तिनं समजावलं, जसं लहान पोराला समजावतात तसं. तुझ्याकडं आलेल्या त्या फर्माईशी कुणी पाठवलेल्याच नव्हत्या. धरणाचा फोन आला, इशारा दुसऱ्या कुणी वाचला की तू आपल्या वेळेत गाण्याआधी नदीकाठच्या तांड्यांची नावं घ्यायचास. अमुक तांड्यावरून सगळ्या मंडळींची फर्माईश. आणि पावसात तांड्याचं नाव ऐकलं की लोक गाणं संपायची वाट बघत नसत, पोरंबाळं घेऊन वरच्या ओळीत जाऊन बसत. तू फिरून फिरून एकेका तांड्यात हे सांगून ठेवलं होतंस. कधी पाणी आलं, बऱ्याचदा आलं नाही. आलं नाही तर बायका म्हणायच्या, थावरूनं उगीच नाचवलं. आणि पुढच्या वेळी परत निघायच्या.

इतकी वर्षं मी काचेच्या पलीकडं बसून ते ऐकत होतो. माझ्याच केंद्रावरून, माझ्याच नाकासमोर. तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी बंद केलं असतं, हे तुला माहीत होतं. मलाही माहीत आहे. तुझे आभार मानावेत की तुझ्यावर रागवावं, या दोन्हींत मी त्या ओट्यावर बसून राहिलो. काकीनं भाकरी वाढली, ती खाल्ली.

आणि परवा संध्याकाळी फोन आला. मजकूर तोच, जवळपास अक्षरशः. नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. पाऊस धरून होता, बाळापूरकडची वीज गेल्याचं कळत होतं, म्हणजे टीव्ही बंद, रेडिओच काय तो. मी नवीन मुलीच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः आत जाऊन बसलो. मजकूर वाचला. मग तुमच्या तांड्याचं नाव घेतलं. मग आठवतील ती पुढची नावं घेतली, काकीकडून ऐकलेली. पाणी तुमच्या बाजूला येऊ शकतं, वर सरका, असं म्हणालो. कागदावर यातलं काहीच नव्हतं. आधीच सांगून टाकतो, पाणी आलं नाही. नदी काठातच राहिली आणि काल मला वरून विचारणाही झाली. त्याचं मी बघून घेईन.

पण मी आतून बाहेर येतो तोच टेबलावरचा फोन वाजला. डोंगरकडा गावाच्या बाजूचा एक माणूस, कुणाच्या तरी मोबाइलवरून बोलत होता. मागं पावसाचा आवाज. म्हणाला, “साहेब, तुमी इतकी नावं घेतली, आमच्या तांड्याचं न्हाई घेतलं. म्हंजे आमी बसून ऱ्हावं ना?”

थावरू, यादीचा तो वाद मी जिंकायला नको होता. मी त्याला म्हणालो, बसू नका, उठा, आत्ता उठा. त्याच्या तांड्याचं नाव विचारून घेतलं, शेजारच्यांची विचारली. तो एकेक सांगत गेला, त्या मुलीनं एक गाणं जास्त लावलं, मी लिहून घेत गेलो. मग तो थांबला. म्हणाला, खाली ओढ्याला लागून तीन-चार घरं हाईत, ऊसतोडीवरून येऊन तिथंच राहिलेली. तो तांडा न्हाई आन् गाव बी न्हाई. त्याला अजून काही नावच पडलं न्हाई. त्यांना तुमी काय म्हणणार?

तू काय म्हणाला असतास, मला माहीत नाही. गाणं संपत आलं होतं. मी त्याला म्हणालो, त्या घरांत कोण कोण राहतं, माणसांची नावं सांगा. तो सांगायला लागला.